पोटरीतला गोळा, पाठीतली उसण

स्नायूंच्या आखडण्याला मराठीत एकच नाव नाही. पोटरीत येतो तो गोळा, पायाला येतो तो वांब, उन्हात राबताना येतो तो पेटका, पाठीत भरते ती उसण, वाकताना निघते ती चमक. आणि सकाळी उठल्यावर एका बाजूला वळेनाशी होते, तेव्हा मान धरली असे म्हणतात. व्यापारी घरांतील वडीलधारी मंडळी ‘नस चढली’ एवढ्या दोनच शब्दांत हे सारे सांगून मोकळी होतात. नावे इतकी असण्याचे कारण उघड आहे. हा त्रास झाला नाही असे घर सापडणे कठीण.

कुकडी नदीवरील धरणामुळे ओळखले जाणारे येडगाव, जवळचे नारायणगाव, ओझर, जुन्नर, ओतूर आणि आळेफाटा या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांचा दिनक्रम पाहिला, तर हा त्रास कोठून येतो ते ध्यानात येते. हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची वीस-वीस किलोंची क्रेट पहाटेपासून चढतात आणि उतरतात. आडतीवर उभे राहणारा दिवसभर उभाच असतो, आणि दुकानाच्या गादीवर बसणारा दिवसभर मांडी मोडत नाही. कोणी पुणे-नाशिक रस्त्याने, तर कोणी माळशेज घाट उतरून कल्याण-मुंबईकडे तासन् तास गाडीत बसून असतो. घरातील स्त्रीवर्ग ओट्यापाशी उभा असतो. अतिश्रम, अतिस्थैर्य आणि अवेळचा आहार या तिन्हींचे माप शेवटी स्नायूंच्या पदरात पडते.

दुखणे क्षणाचे असते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु गोळा समजून चोळलेली पोटरी कधी रक्ताच्या गुठळीची निघते, आणि उसण समजून आठवडाभर अंथरुणावर काढलेली पाठ विश्रांतीनेच अधिक अधू होते. म्हणून या साध्या वाटणाऱ्या दुखण्याची नीट ओळख करून घेणे हिताचे ठरते.

स्नायू आखडतो म्हणजे काय होते?

स्नायू म्हणजे असंख्य सूक्ष्म तंतूंचा जुडगा. मज्जातंतूकडून आज्ञा आली की तंतूंच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या नावांची दोन प्रथिने एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखूड होतो. हेच आकुंचन. आज्ञा थांबली की कॅल्शियम पुन्हा आपल्या कोठारात ओढले जाते आणि स्नायू सैल पडतो. आकुंचनाला शक्ती लागते हे सर्वांना ठाऊक असते. सैल होण्यालाही शक्ती लागते हे मात्र फारसे ठाऊक नसते. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठ होतो तो यामुळेच. शक्तीचा पुरवठा संपल्याने ती दोन प्रथिने एकमेकांना सोडू शकत नाहीत. दमलेला स्नायू सुटताना वेळ घेतो, त्यामागचे एक कारण येथेच आहे.

आज्ञा केव्हा द्यावी आणि केव्हा थांबवावी हे ठरवण्यासाठी शरीराने दोन पहारेकरी नेमलेले आहेत. पहिला स्नायूच्या पोटात असतो. स्नायू फार ताणला जात आहे असे दिसले की तो ‘आखड’ असा निरोप पाठवतो. दुसरा कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरात असतो. ओढ फार वाढली की तो ‘सैल सोड’ असे सांगतो. निरोगी अवस्थेत दोघांचा मेळ असतो. स्नायू थकला की पहिला आरडाओरड करू लागतो आणि दुसरा गप्प बसतो. स्नायू आधीच आखूड स्थितीत असेल, तर दुसऱ्याला ओढ जाणवतच नाही. पांघरुणाच्या भाराने पाऊल खाली झुकलेले असताना, पहाटे आळस देताना पोटरीत एकदम गोळा येतो तो याच कारणाने.

‘शिरेवर शीर चढली’ हा समज त्यामुळे सोडून द्यावा. कोणतीही शीर दुसऱ्या शिरेवर चढत नाही. हाताला जो कठीण गोळा लागतो तो आकसलेला स्नायूच असतो.

पाठीतील उसण याहून वेगळ्या जातीची आहे. मणक्यांच्या सांध्याला, चकतीला किंवा एखाद्या स्नायुबंधाला किंचित इजा झाली की भोवतालचे स्नायू त्या जागेची राखण करण्यासाठी आवळून धरतात. मोडलेल्या हाताला फळी बांधावी तशी ही शरीराने स्वतःच बांधलेली फळी होय. पोटरीचा गोळा काही क्षणांत किंवा मिनिटांत सुटतो. उसण दिवसेंदिवस टिकते. दोन्हींचा उपाय म्हणूनच एक नाही.

मीठ, पाणी आणि मज्जातंतू

पेटके कशाने येतात या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर खाणी, भट्ट्या आणि धरणांवरील श्रमिकांकडून मिळाले. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे बांधकाम चालू असताना, १९३० नंतरच्या उन्हाळ्यांत, तेथील वाळवंटी उष्म्यात कामगारांना असह्य पेटके येत. हार्वर्ड विद्यापीठाच्या श्रम आणि थकवा यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी तेथे जाऊन पाहणी केली. घामावाटे मीठ जात होते आणि कामगार त्याची भरपाई केवळ साध्या पाण्याने करत होते. मीठ मिळाले की पेटके आटोक्यात येत. धरणाच्या भिंती आणि कालवे पाहत वाढलेल्या येडगावच्या परिसरालाही हा धडा परका वाटू नये. भर उन्हात क्रेट उचलणाऱ्या हमालाला नुसते थंड पाणी पुरेसे नसते. त्यात चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि लिंबू असावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती जलसंजीवनीचे परिचित प्रमाण आहे. चमचा अर्थातच चहाचा धरावा.

परंतु प्रत्येक पेटका मिठाच्या कमतरतेचा नसतो. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधक मार्टिन श्वेल्नस यांनी असे मत मांडले की, व्यायामातील पेटक्यांचे मूळ रक्तातील क्षारांपेक्षा थकलेल्या स्नायूच्या मज्जातंतूंवरील बिघडलेल्या नियंत्रणात आहे. पुढे लांब पल्ल्याच्या स्पर्धकांची रक्ततपासणी झाली, तेव्हा पेटके आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या क्षारांत मोठा फरक आढळला नाही. २०१० मध्ये अमेरिकेत केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहूनही गमतीचा प्रयोग केला. विजेच्या सूक्ष्म झटक्याने पायात पेटका आणून त्यांनी काहींना साधे पाणी आणि काहींना काकडीच्या लोणच्याचे खारट-आंबट पाणी पाजले. लोणच्याच्या पाण्याने पेटका सुमारे ३७ टक्के लवकर सुटला. इतक्या थोड्या वेळात ते पाणी आतड्यांतून रक्तात पोचणे शक्यच नव्हते. घशाला लागलेल्या तीव्र आंबट चवीने मज्जासंस्थेकडे निरोप जातो आणि आखडण्याची आज्ञा मंदावते, असे अनुमान त्यांनी काढले.

या दोन मतांत भांडण लावण्याचे कारण नाही. घाम गाळणाऱ्याने मीठ-पाणी सांभाळावे आणि सर्वांनीच थकवा सांभाळावा. रक्तदाबाच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र मीठ वाढवण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

गोळा आला, आता काय करावे?

आखडलेला स्नायू बळाने सुटत नाही, हळूहळू लांब केल्याने सुटतो. ताण दिला की कंडरेतील गप्प बसलेला पहारेकरी जागा होतो आणि ‘सैल सोड’ ही आज्ञा पुन्हा जाते. सर्व उपायांचे सार एवढेच आहे.

पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे नडगीच्या दिशेने आपल्याकडे ओढावीत. हात पावलापर्यंत पोचत नसेल, तर टॉवेल किंवा उपरणे तळव्याखाली अडकवून दोन्ही टोके सावकाश ओढावीत. झटका देऊ नये. उभे राहता येत असेल तर भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच जमिनीला घट्ट टेकवावी. वीस-तीस क्षण तसेच राहावे, सोडावे, पुन्हा करावे.

मांडीच्या मागील बाजूस गोळा आला तर पाय सरळ पसरून कमरेतून किंचित पुढे झुकावे. मांडीच्या पुढील बाजूस आला तर खुर्चीला धरून उभे राहावे आणि टाच मागे नितंबाकडे ओढावी. तळपायात आला तर अंगठा व बोटे वरच्या दिशेने ताणावीत. लिहून किंवा हिशेब करून हाताची बोटे आखडली तर पंजा पूर्ण उघडून दुसऱ्या हाताने बोटे मागे न्यावीत.

गोळा सुटल्यावर हलक्या हाताने चोळावे, कोमट पाण्याचा शेक द्यावा आणि चार पावले चालावे. एक-दोन दिवस जागा ठसठसते. ते स्वाभाविक आहे. गोळा आलेला असताना अंगठ्याने जोरात दाबणे, पायावर दुसऱ्याला उभे करणे किंवा पाय झटकणे हे तिन्ही प्रकार टाळावेत. त्यांनी तंतू फाटण्याचा संभव असतो.

रात्रीचे गोळे

साठी जवळ आली की रात्री गोळे येण्याचे प्रमाण वाढते. झोपमोड होते, अंधारात घाईने उठताना तोल जातो आणि एका गोळ्यापायी खुब्याचे हाड मोडून बसते. म्हणून वडीलधाऱ्यांची ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

नेदरलँड्समधील एका चाचणीत ५५ वर्षांपुढील ८० व्यक्तींचे दोन गट केले होते. एका गटाने सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी पोटरीचे आणि मांडीच्या मागील स्नायूंचे ताण दिले. दुसऱ्याने काही केले नाही. ताण देणाऱ्या गटातील गोळ्यांची संख्या आणि तीव्रता दोन्ही स्पष्ट घटल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील उपायाला पैसा लागत नाही, वेळ जेमतेम तीन मिनिटांचा लागतो. रात्रीचे पांघरूण पायाशी सैल ठेवावे, म्हणजे पावले खाली दबत नाहीत. संध्याकाळी थोडे चालावे.

औषधांच्या दुकानात गोळ्यांसाठी मॅग्नेशियम मागण्याची प्रथा रुजली आहे. वृद्धांच्या पायांतील गोळ्यांवर त्याचा म्हणण्याजोगा लाभ होत नाही, असा चाचण्यांचा एकत्र निष्कर्ष आहे. शरीरात त्याची कमतरता तपासणीत दिसली असेल तर गोष्ट निराळी. पूर्वी याच कामासाठी क्विनाइन दिले जाई. रक्तातील चकत्या घटणे, हृदयाची लय बिघडणे असे गंभीर परिणाम दिसल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पायांच्या गोळ्यांसाठी ते वापरू नये असा इशारा दिलेला आहे.

आहाराचा विचार करताना केवळ ‘केळे खा’ म्हणून थांबू नये. मूग, मटकी, नाचणी, तीळ, राजगिरा, बदाम, ताक, नारळपाणी आणि टोमॅटो यांतून पोटॅशियम, मॅग्नेशियम वा कॅल्शियम मिळते. कंदमुळांचा त्याग केलेल्या घरालाही या क्षारांची उणीव भासण्याचे कारण नाही. कडधान्ये आणि फळे मात्र ताटात नियमाने हवीत. दिवसभर दुकानाच्या सावलीत बसणाऱ्यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी वैद्यकीय सल्ल्याने करून घ्यावी.

पाठीत उसण भरली तर

महाराष्ट्रात उसणीवर एक जुना तोडगा आहे. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, म्हणजे पायाळू माणसाची लाथ पाठीला लावून घेतली की उसण उतरते असे मानले जाते. गावोगावी असा एखादा पायाळू हेरून ठेवलेला असतो आणि त्याच्या दारी माणसे वाकत वाकत जातात. पुष्कळांना गुण आल्यासारखा वाटतो, त्याचे कारण सोपे आहे. साधी उसण काही दिवसांत आपोआपच उतरते आणि श्रेय लाथेच्या वाट्याला जाते. पाय नुसता टेकवला तर अपाय नाही. परंतु मणक्याची चकती सरकलेली असेल किंवा हाडे ठिसूळ झालेली असतील, तर तीच लाथ महागात पडते. कमरेला हिसका देऊन ‘कट’ आवाज काढणाऱ्यांविषयीही हेच म्हणावे लागेल.

दुसरी चूक उलट टोकाची आहे: आठ-आठ दिवस पडून राहण्याची. फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ धरलेल्या १८६ जणांचे तीन गट केले गेले. एकाला दोन दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, आणि तिसऱ्याला सोसवेल तेवढे नेहमीचे काम सांगितले. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. उसणीत दुखते ते राखणीमुळे, आणि हळूहळू हालचाल झाली की धोका नाही असे स्नायूंना पटते व ते पकड सोडतात.

पहिल्या दिवशी वेदना तीव्र असेल तर पाठीवर निजून गुडघ्यांखाली दोन उशा घ्याव्यात, किंवा जमिनीवर निजून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात. कमरेवरील ताण त्याने सर्वांत कमी होतो. कुशीवर निजायचे असल्यास दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने बसावे. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा घ्यावा. मधुमेहाने त्वचेची संवेदना मंदावलेल्यांनी पिशवीला फडके गुंडाळून शेक घ्यावा, अन्यथा भाजल्याचे कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात थोडे थोडे चालावे. वेदना उतरू लागल्यावर पाठीवर निजून एकेक गुडघा हळुवार छातीकडे आणावा.

पुन्हा उसण भरू नये यासाठी सवयी बदलाव्या लागतात. पन्नास किलोचे पोते एकट्याने उचलण्याचा पराक्रम तरुणपणी मिरवला जातो आणि त्याची किंमत प्रौढपणी मोजावी लागते. वजन उचलताना गुडघे वाकवावेत, ओझे छातीशी धरावे, आणि वळायचे असल्यास कंबर न पिळता पावले वळवावीत. गादीवर बसणाऱ्यांनी पाठीला लोड घ्यावा आणि अर्ध्या तासाने निमित्त काढून उभे राहावे. ग्राहकाला माल दाखवायला स्वतः उठणे हाही व्यायामच आहे. मोबाइल मांडीवर ठेवून मान खाली घालण्याऐवजी तो डोळ्यांसमोर धरावा. लांबच्या प्रवासात दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे.

तपश्चर्येच्या काळात

चातुर्मासात आणि विशेषतः पर्युषणात ‘पाय वळतात’ ही तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत शरीरातील मीठ आणि पाणी लघवीवाटे अधिक प्रमाणात बाहेर पडते. त्यामुळे उभे राहताच चक्कर येणे, पोटऱ्या ओढल्यासारख्या होणे हे घडते. व्रताच्या मर्यादेत राहूनही यावर पुष्कळ करता येते. तिविहार उपवासात गरम केलेले पाणी सूर्यास्ताच्या तोंडावर एकदम न पिता दिवसभर थोडे थोडे घ्यावे. प्रतिक्रमणात दीर्घकाळ एका आसनात बसण्यापूर्वी आणि बसल्यानंतर पोटरीला ताण द्यावा. कायोत्सर्गानंतर एकदम चालू लागू नये. आठ दिवसांच्या तपात दुकानातील वजन उचलण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मधुमेही आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, नंतर नव्हे. उपवासात त्याच मात्रेत चालू राहिलेली गोळी पोटॅशियम किंवा साखर धोकादायक पातळीवर आणू शकते. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेणे तर सर्वथा टाळावे. पाणी कमी असलेल्या शरीरात ती जठराला जखम आणि मूत्रपिंडाला इजा करते. त्रास होत असताना तो घरच्यांपासून लपवणे हे तपाचे अंग नाही.

पारण्याविषयी एक गोष्ट मोलाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर अन्न मिळाले आणि काहींची प्रकृती उपासमारीपेक्षाही त्या जेवणाने बिघडली. दीर्घ उपवासानंतर एकदम गोड आणि भरपूर खाल्ले की फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात. स्नायू गळून जातात, पेटके येतात, हृदयाची लय बिघडते. मुगाच्या पाण्याने, थोड्या थोड्या प्रमाणात पारणे करण्याच्या जुन्या रीतीत शहाणपण आहे. मिठाईचा आग्रह करणाऱ्या नातलगांनी ते ध्यानी घ्यावे. अठ्ठाई किंवा मासखमण यांसारखे दीर्घ तप असेल तर पारण्याचा पहिला आठवडा वैद्यकीय देखरेखीखाली जावा.

औषधे आणि धोक्याची चिन्हे

वारंवार गोळे येत असतील तर चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. लघवीच्या गोळ्या आणि दम्याची काही औषधे यांचा गोळ्यांशी संबंध असू शकतो. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. डॉक्टरांना न विचारता औषध बंद मात्र करू नये. थायरॉइडची मंदता, मधुमेहातील मज्जातंतूंचा विकार, पायांतील फुगलेल्या शिरा आणि गर्भावस्था यांतही गोळे येतात. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झापड येते. त्या घेऊन माळशेज घाटात गाडी घालणे म्हणजे स्वतःसह इतरांचाही जीव टांगणीला लावणे होय.

पुढील चिन्हे दिसली तर घरगुती उपाय थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे:

• एकाच पायाची पोटरी सुजली, गरम व लालसर झाली आणि दुखणे सुटेनासे झाले, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर. ही शिरेतील रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळू नये. सोबत धाप लागली तर एक क्षणही दवडू नये.

• पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या आतील भागाला व गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, पाय लुळे पडू लागले.

• पाठदुखीबरोबर ताप किंवा अकारण वजन घटणे आहे, अथवा वृद्ध व्यक्ती नुकतीच पडलेली आहे.

• डावा खांदा, जबडा किंवा पाठीचा वरचा भाग आखडला असून घाम, मळमळ वा छातीत दडपण आहे. याला ‘वायू धरला’ म्हणून ओवा देत बसू नये.

• जखमेनंतर काही दिवसांनी जबडा उघडेना किंवा मान ताठ झाली. हा धनुर्वात असू शकतो.

• कडक उन्हात काम करताना पेटक्यांबरोबर भ्रम किंवा बेशुद्धी आली.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी आवळते आणि थांबले की बरी वाटते, असे होत असेल तर तो गोळा नसून पायाच्या रोहिणीतील अडथळा असण्याचा संभव असतो. तंबाखू सेवन करणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी ही तपासणी लांबवू नये. तातडीच्या प्रसंगी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. तो क्रमांक दुकानाच्या दर्शनी भागी आणि घरातील ज्येष्ठांच्या फोनमध्ये नोंदवून ठेवावा.

एरवी गोळा किंवा उसण आली तर घाबरू नये आणि घाईही करू नये. सावकाश ताण द्यावा, ऊब द्यावी आणि हालचाल चालू ठेवावी. मग शांतपणे विचारावे की काल ओझे जास्त झाले होते काय, बसणे जास्त झाले होते काय, की पाणी कमी पडले होते. उत्तर बहुधा आदल्या दिवसाच्या दिनक्रमातच सापडते, आणि दिनक्रम बदलणे प्रत्येकाच्या हाती असते.